जॉबवर्कच्या धंद्यात मशीनच्या तासाचा हिशेब कसा ठेवावा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, यांपैकी कुठेही गेले तरी भाड्याच्या गाळ्यात एक-दोन मशीन टाकून फौंड्रीच्या कास्टिंगचे (ओतीव लोखंडी भागांचे) टर्निंग, बोअरिंग आणि ड्रिलिंग करून देणारा माणूस भेटतोच. शेतीला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांपासून इथला फौंड्री-धंदा वाढला, पुढे ट्रॅक्टर, मोटारी आणि पंप यांच्या सुट्या भागांकडे वळला, आणि त्या वाढीच्या कडेकडेने आमच्यासारखे जॉबवर्कवाले उभे राहिले. मी आयटीआयचा टर्नर आहे. अकरा वर्षे नोकरी करून मग स्वतःचे जुने सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ घेतले, आणि पहिली चार वर्षे गाळ्यात कास्टिंगचा ढीग कधी कमी झाला नाही, तरी महिनाअखेर हप्ता भरताना हात आखडत होता. काम भरपूर आणि पैसा नाही, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. मी नगांचा हिशेब ठेवत होतो, तासांचा ठेवत नव्हतो.

जॉबवर्कमध्ये कास्टिंग पार्टीचे, म्हणजे काम देणाऱ्या कारखान्याचे असते, ड्रॉइंग पार्टीचे असते, गिऱ्हाईकही पार्टीचे असते. आपल्याकडे विकण्यासारखे जे काही आहे ते म्हणजे आपल्या मशीनचे महिन्यातले दीड-दोनशे तास. भाव, रिजेक्शन, उधारी, कारागिरांची सुट्टी या साऱ्या गोष्टी शेवटी त्या तासांतूनच वजा होतात. हा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी, किंवा करत असूनही माझ्यासारखे चाचपडणाऱ्यांसाठी, हा हिशेब कसा मांडावा हे पुढे लिहीत आहे.

तासाचा दर काढणे

प्रथम महिन्याचा सगळा खर्च एका कागदावर मांडावा. उदाहरणादाखल एका मशीनच्या गाळ्याचे आकडे घेऊ. मशीनचा बँकेचा हप्ता २४,००० रुपये, गाळ्याचे भाडे ११,०००, कारागिराचा पगार २०,०००, वीज ८,०००, इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती), ऑइल आणि किरकोळ सामान ८,०००, दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला काढून ठेवायचे ५,०००, आणि मालकाचा स्वतःचा पगार २०,०००. बेरीज ९६,००० रुपये होते.

यातील शेवटच्या दोन रकमा बहुतेकजण धरतच नाहीत. मीही सुरुवातीला धरत नव्हतो. स्पिंडलचे बेअरिंग गेले किंवा ड्राइव्हचे कार्ड जळले की एका फटक्यात चाळीस-पन्नास हजार जातात, आणि तो खर्च ‘अचानक’ आला असे आपण म्हणतो. मशीन जुने असेल तर तो येणारच असतो, फक्त त्याची तारीख माहीत नसते. मालकाच्या पगाराचेही तसेच आहे. आपण दिवसाचे बारा तास गाळ्यात राबतो आणि घरखर्चाला लागेल तसे गल्ल्यातून उचलतो, त्यामुळे धंदा नफ्यात आहे की आपल्याच फुकटच्या श्रमावर चालला आहे, हे कधी उघड होत नाही. धंद्याचे खाते घरच्या खात्यापासून वेगळे करावे आणि ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार आपल्या खात्यावर वळता करावा. एखाद्या महिन्यात तो देता आला नाही, तर तो धंद्याने आपल्याला देणे आहे असे वहीत लिहून ठेवावे.

आता तास. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोनशे तास होतात, आणि ९६,००० भागिले २०० म्हणजे तासाला ४८० रुपये असा दर निघतो. माझी चूक इथेच होत होती. मशीन सुरू असणे आणि मशीनमधून नग निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या जॉबचे सेटिंग करण्यात दीड-दोन तास जातात, कास्टिंग उशिरा येते, वीज जाते, इन्सर्ट तुटतो, चहा होतो, पार्टीचा माणूस येऊन मध्येच दुसरा जॉब लावायला सांगतो. मी सलग दोन महिने मशीनला एक वही दोरीने बांधून ठेवली आणि मशीन थांबले की वेळ व कारण लिहायला कारागिराला सांगितले. दोनशेपैकी प्रत्यक्ष उत्पादनाचे तास दीडशेच्या आसपास निघाले. म्हणजे माझा खरा दर तासाला ६४० रुपये होता.

या फरकाचा परिणाम एका नगावर पाहा. एखाद्या नगाचा सायकल टाइम (मशीनला एक नग कापायला लागणारा वेळ) चार मिनिटे आणि काढ-घाल करायला एक मिनिट, असे धरले तर तासाला बारा नग होतात. ४८० च्या दराने नगाला ४० रुपये पडतात आणि ६४० च्या दराने ५३ रुपये ३३ पैसे. असा नग मी ४२ रुपयांना घेतला होता आणि नगामागे दोन रुपये सुटतात या समाधानात होतो. प्रत्यक्षात नगामागे अकरा रुपये माझ्या घरातून जात होते, आणि काम जितके जास्त मिळेल तितका खड्डा मोठा होत होता.

भाव सांगण्यापूर्वी

त्यामुळे ड्रॉइंग हातात आल्याबरोबर फोनवर भाव सांगण्याची सवय सोडावी. आठ-दहा नग प्रत्यक्ष करून पाहावेत आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरावा, तोही सकाळी पहिल्या तासाला न धरता जेवणानंतर दोन-अडीच वाजता धरावा, कारण सकाळी माणूस ताजा असतो आणि तो वेग दिवसभर टिकत नाही. सेटिंगचा वेळ लॉटवर वाटावा. दोन तासांचे सेटिंग पाचशे नगांत विरून जाते, पण पन्नास नगांच्या लॉटमध्ये तेच नगामागे पंचवीस रुपयांहून जास्त होते. म्हणून भाव देताना ‘किमान इतक्या नगांचा लॉट’ असे लेखी लिहावे. पार्टीला पन्नासच नग हवे असतील तर सेटिंगचे वेगळे पैसे सांगावेत. मागायला संकोच वाटतो, परंतु माझा अनुभव असा आहे की वेळेचे आकडे समोर ठेवले की खरेदी विभागातली माणसेही ते समजून घेतात, कारण त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात हाच हिशेब चालू असतो.

शेजारच्या गाळ्यात तोच नग अडतीस रुपयांना करतात, असे हमखास ऐकवले जाते. ते खरेही असेल. शेजाऱ्याचे मशीन हप्त्यातून मोकळे झालेले असेल, गाळा स्वतःचा असेल, किंवा माझ्यासारखा तोही हिशेब न करता काम घेत असेल. आपला दर आपल्या कागदावरून ठरतो. ज्या कामात तो बसत नाही ते काम सोडावे आणि रिकाम्या तासांत दुसरे शोधावे. मी ४२ रुपयांचा तो नग सोडला, तेव्हा तीन आठवडे मशीन अर्धा वेळ उभे होते आणि मला झोप लागत नव्हती, हे मी लपवत नाही. नंतर मिळालेले काम लहान होते, पण त्याचा भाव माझ्या कागदावर बसत होता.

रिजेक्शन तासांत मोजावे

आमच्याकडे रिजेक्शनचे दोन प्रकार मानतात. कास्टिंगमध्येच ब्लो होल (आतले पोकळ छिद्र), वाळू किंवा कडक भाग निघाला तर ते सी.आर., आणि मशीनवर आपल्या हातून नग बिघडला तर ते एम.आर. एम.आर. नगाच्या कास्टिंगची किंमत पार्टी डेबिट नोटने आपल्याकडून वसूल करते. साडेचार किलोच्या कास्टिंगचे साडेचारशे रुपये धरले, तर ४२ रुपये मजुरीच्या जवळजवळ अकरा नगांचे काम एका चुकीत जाते. सी.आर.मध्ये आपली चूक नसते, तरी ब्लो होल बहुधा शेवटच्या कटात उघडा पडतो, म्हणजे तोवर आपले मशीन पूर्ण वेळ चाललेले असते. म्हणून सी.आर. नगाची झालेल्या ऑपरेशनपर्यंतची मजुरी मिळेल, हे पहिल्याच परचेस ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे. काम सुरू झाल्यावर हे कोणी मान्य करत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवले ते एका बेअरिंग हाउसिंगने. बोअर (आतले गोल भोक) ८० मिलिमीटरचा होता आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शून्य ते अधिक ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. एप्रिलचा महिना, पत्र्याचा गाळा, आणि राखाडी बीड (ओतीव लोखंड) कोरडेच कापत होतो, त्यामुळे मशीनमधून निघालेला नग हाताला चांगला गरम लागत होता. कारागीर नग काढल्याबरोबर प्लग गेज (भोकाचे माप तपासायचा दंडगोल) घालून पाहत होता आणि ‘गो’ बाजू, म्हणजे भोकात शिरायलाच हवी ती बाजू, व्यवस्थित जात होती. दुसऱ्या दिवशी पार्टीच्या इन्स्पेक्शनमध्ये २२० पैकी १४० नगांत गेज शिरलेच नाही. बीड एका अंशाला दर मीटरमागे सुमारे दहा-अकरा मायक्रॉन प्रसरण पावते. ८० मिलिमीटरचा बोअर गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर तो सतरा मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो. तीस मायक्रॉनच्या टॉलरन्समधली अर्ध्याहून जास्त जागा उष्णतेनेच खाल्ली होती, आणि वर इन्सर्ट झिजत चालल्याने बोअर हळूहळू लहान होत होता. मशीन बरोबर होते, गेज बरोबर होते, कारागीरही कामचुकार नव्हता. मोजण्याची वेळ चुकली होती.

बोअर लहान असल्यामुळे नग वाचवता आले, पण एकेक नग पुन्हा पकडून, डायल लावून, सेंटर खरे करून दहा-पंधरा मायक्रॉन घ्यायला बारा-तेरा मिनिटे लागली. तीस तास गेले, म्हणजे आजच्या दराने सुमारे १९,००० रुपये, आणि त्या लॉटचे माझे एकूण बिल दहा हजारांच्या आत होते. तेव्हापासून अशा जॉबसाठी मशीनशेजारी लोखंडी रॅक ठेवला आहे. नग त्यावर किमान अर्धा तास निवतात, गेजही त्याच रॅकवर राहते, आणि गरम नगाचे माप किती जास्त दाखवायचे असते ते पहिल्या दहा नगांवर काढून कारागिराच्या समोर खडूने लिहिलेले असते. ज्याचे टॉलरन्स पन्नास मायक्रॉनपेक्षा कमी आहे, त्या प्रत्येक कामात हा अर्धा तास धरूनच डिलिव्हरीची वेळ सांगावी.

उधारी: वापरून झालेले तास

या भागावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगले काम करणारी माणसे इथेच बुडताना मी पाहिली आहेत.

महिन्याला एक लाखाचे बिल होत असेल आणि पैसे नव्वद दिवसांनी येत असतील, तर तीन लाख रुपये कायम दुसऱ्याकडे अडकलेले असतात. पगार, वीज आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. जीएसटीची नोंदणी असेल तर बिल काढले की पुढच्या महिन्यात कर भरावा लागतो, पैसे हातात आले असोत किंवा नसोत. या नोंदणीविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. दुसऱ्याच्या मालावर काम करून देणे ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, त्यामुळे जॉबवर्कवाल्याला वार्षिक ४० लाखांची मर्यादा लागू होत नाही, महाराष्ट्रात ती २० लाखांची आहे. माल विकणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून आपण निश्चिंत राहू नये.

माझ्या साठ टक्के तासांवर एकाच पार्टीचे काम होते. काम नियमित येत होते म्हणून मी खूश होतो. नव्वद दिवसांचा वायदा आधी एकशेवीसवर गेला, मग एकशेपन्नासवर, आणि येणे साडेचार लाखांवर पोहोचले. काम थांबवावे तर मशीन रिकामे राहते आणि जुने पैसेही अडकतात, या भीतीने मी आणखी काम करत राहिलो. बँकेचे दोन हप्ते भरण्यासाठी पत्नीचे दागिने सोनेतारणात ठेवले, त्या दिवशी घरी परतताना गाडी रंकाळ्यावर थांबवून मी बराच वेळ तिथेच बसलो होतो. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने आले. दागिने सोडवायला चौदा महिने लागले.

त्यानंतर मी जे नियम केले ते असे आहेत. पहिले काम लहान उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि विनामूल्य होते, त्यासाठी कोणा एजंटला पैसे देण्याची गरज नाही. ती काम सुरू करण्यापूर्वीच करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्याच कायद्यानुसार मालाविषयी हरकत असेल तर ती डिलिव्हरीपासून पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवली पाहिजे, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशीच माल स्वीकारला असे धरून मुदत मोजली जाते. तीन महिन्यांनी येणाऱ्या डेबिट नोटवर बोलताना मला या तरतुदीचा फार आधार झाला.

कायदा माहीत असला तरी लहान माणूस गिऱ्हाइकावर तक्रार करायला कचरतो, आणि ते स्वाभाविक आहे. सरकारकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते (२०१७ मध्ये त्यासाठी ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले), तो शेवटचा मार्ग म्हणून ठेवावा. त्याआधी उपयोगी पडते ती आयकराची तरतूद. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे व सेवा देणाऱ्यांचे जे पैसे खरेदीदाराने वरील मुदतीत दिले नाहीत, ते त्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा धरता येत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये पार्टीच्या हिशेब विभागालाच आपली आठवण येते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्याचा उतारा, उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि दोन ओळींचे नम्र पत्र पाठवून ठेवावे. माझे जुने अडकलेले बरेचसे पैसे अशा पत्रांनी आले आहेत, आणि एकाही पार्टीशी संबंध बिघडलेला नाही.

रोजच्या व्यवहारात मात्र कायद्यापेक्षा शिस्त जास्त चालते. महिनाअखेरीस एकच बिल न काढता प्रत्येक डिलिव्हरीला बिल द्यावे, म्हणजे दिवस लवकर मोजले जाऊ लागतात. तिसाव्या दिवशी फोन करावा, आणि तो मालकाला न करता हिशेब पाहणाऱ्या माणसाला करावा, कारण बिल बहुधा त्याच्या टेबलावर एखाद्या सहीसाठी किंवा चलनाच्या प्रतीसाठी अडकलेले असते. प्रत्येक पार्टीला आपण किती तास उधार देऊ शकतो, ते आधीच ठरवून ठेवावे. माझी मर्यादा एका पार्टीला दीडशे तासांची आहे, म्हणजे सुमारे ९६,००० रुपये. ती ओलांडली की पुढचे कास्टिंग मी उतरवून घेतो, रॅकवर लावतो आणि फोन करून सांगतो, “साहेब, माल रॅकवर काढून ठेवलाय. मागचं बिल आलं की लगेच लावतो बघा.” आवाज चढवावा लागत नाही, माल परत पाठवावा लागत नाही. बहुतेक वेळा चार दिवसांत पैसे जमा होतात. यासोबतच कोणत्याही एका पार्टीचे काम चाळीस टक्के तासांच्या वर जाऊ देऊ नये. हे पाळणे सर्वांत अवघड आहे, कारण चांगल्या पार्टीला नाही म्हणावे लागते.

माणसे आणि पाणी

कारागिरांविषयी थोडक्यात सांगतो. आमच्याकडची बरीच मुले करवीर, राधानगरी, पन्हाळा या भागांतल्या खेड्यांतून येतात, आणि चैत्रात जोतिबाची यात्रा, नंतर गावोगावच्या यात्रा, पेरणी, गणपती असे वर्ष त्यांच्यासोबत चालते. या सुट्ट्यांवर चिडण्यात अर्थ नाही, त्या त्यांच्या जगण्याचा भाग आहेत. एप्रिल-मेचा महिना पंचवीसऐवजी एकवीस-बावीस दिवसांचाच धरावा आणि डिलिव्हरी त्याप्रमाणे कबूल करावी. उचल मागितली तर द्यावी, पण ती वहीत लिहून, दरमहा किती कापायची हे दोघांनी ठरवून द्यावी. तासांची वही कारागिरालाही दाखवावी. दुपारी मशीन का थांबते हे मला माझ्या कारागिराने सांगितले. ड्रिल आणायला तो दिवसातून चार वेळा गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला जात होता. कपाट मशीनशेजारी आणले, तेव्हा दिवसाची वीस मिनिटे वाचली.

पावसाळ्याचा हिशेब कोल्हापुरात वेगळा धरावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीजवळची वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. माझा गाळा कोरडा होता, पण तयार माल पोहोचवता येत नव्हता आणि कास्टिंग येत नव्हते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ३५ फुटांवर गेले की मी तयार माल लगेच रवाना करतो, आठवड्याचे कास्टिंग आणि इन्सर्ट मागवून घेतो, आणि त्या दोन महिन्यांत मशीन थांबलेल्या दिवसांसाठी एका महिन्याचा हप्ता खात्यावर वेगळा ठेवतो. गाळा सखल भागात असेल तर कंट्रोल पॅनेल आणि मोटारी किती उंचीवर आहेत, हे मे महिन्यातच मोजून घ्यावे.

दुसरे मशीन केव्हा घ्यावे, हे मला अनेकजण विचारतात, बहुधा गाळ्यात माल साचलेला असताना. साचलेल्या मालावरून तो निर्णय घेऊ नये. सलग सहा महिने वहीत उत्पादनाचे तास १७० च्या वर दिसले पाहिजेत, त्यातील भाव आपल्या तासाच्या दरावर बसलेले असले पाहिजेत, आणि येणे असलेली रक्कम दोन महिन्यांच्या बिलांपेक्षा कमी असली पाहिजे. गेल्या वर्षी मी कर्जाचे कागद तयार करून बँकेत निघालो होतो, पण आदल्या रात्री वही उघडली तेव्हा सहापैकी दोन महिने १५२ आणि १५८ तासांचे निघाले. दोन्ही महिन्यांत थांबण्याचे कारण एकच लिहिलेले होते, चकचे (नग पकडणाऱ्या भागाचे) जबडे बदलण्यात गेलेला वेळ. मी बँकेत गेलो नाही. जबड्यांचे दोन जादा संच करून घेतले, आणि पुढच्या महिन्याच्या पानावर १७४ तास भरले.